स्थलांतरित की स्थलांतरी?

शिरपूरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे : अनेर धरणाच्या सहलीवरच्या निबंधात एका मुलीने 'स्थलांतरी पक्षी' लिहिलं. बाईंनी ते खोडून लाल शाईने 'स्थलांतरित' केलं, अर्धा गुण कापला, आणि मग त्यांनाच शंका आली. बरोबर काय?

बाई, मुलीचं चुकलेलं नाही. माझ्या मते तिचाच शब्द जास्त नेमका आहे.

'स्थलांतर' म्हणजे मुळात 'दुसरं स्थळ'. देशांतर, ग्रामांतर याच घडणीचे. मराठीत ते जाण्याच्या क्रियेचंच नाव झालं. त्याला '-इत' लागला की काय होतं ते शेजारच्या शब्दांत दिसतं : भाषांतरित, हस्तांतरित. पुस्तक आपणहून भाषांतरित होत नाही, सातबाऱ्यावरची जमीन आपणहून हस्तांतरित होत नाही. करणारा दुसराच कोणी असतो. आपल्या भागात तर 'स्थलांतरित' म्हटलं की मला आधी माणसंच आठवतात. सरदार सरोवरात गावं गेली आणि अक्राणी-अक्कलकुव्याची माणसं तळोद्याकडे आणून वसवली, ती माणसं. त्यांना हलवलं. चक्रवाकाला लडाख-तिबेटातून इकडे कोण हलवतं?

तरी 'स्थलांतरित' अशुद्ध नाही, हेही सांगायला हवं. संस्कृतात '-इत' हा 'ते ज्याला झालं आहे' अशा अर्थानेही लागतो : पुष्पित वेल, तारकित आकाश. वेलीला फुलं कोणी आणून लावत नाही. त्या वाटेने 'स्थलांतरित पक्षी' बसतं, आणि ते रूढही आहे. पण त्यात गोष्ट घडून संपल्यासारखी वाटते. पक्ष्याचं तसं नसतं, तो दरवर्षी येतो आणि जातो. ही सवय '-ई' मध्ये येते. प्रवास करणारा प्रवासी, तसा स्थलांतर करणारा स्थलांतरी.

अनेरचं अभयारण्य १९८६ चं. जानेवारीत सकाळी तिथे काठावर बसलो होतो. समोर चक्रवाकांची जोडी, अंग नारिंगी-विटकरी, डोकं फिकं. पलीकडे वारकऱ्यांचा थवा. हे पाखरू काळंभोर, कपाळावर पांढरा टिळा. दुसरं नाव चांदवा. उडायचं झालं की पाण्यावरून पाय मारत धावत सुटतं. (नाव टिळ्यावरून पडलं असावं असं मला वाटतं. पण हिवाळ्यात त्यांची संख्या वाढते तेव्हा वारीचीही आठवण होतेच.) जाळं सोडवत बसलेल्या भाऊंना विचारलं, ही कुठली पाखरं? ते म्हणाले, "दर हिवायामा येतस, उन्हाया लागना का निंघी जातस."

येतस, जातस. दोन्ही क्रियापदांत कर्ता पाखरूच.

तेव्हा निबंधात दोन्ही रूपं चालू द्या, आणि तिचा तो अर्धा गुण तिला परत द्या.