टमी टक: वाचकांचे प्रश्न, प्लास्टिक सर्जनची उत्तरे

प्रश्न: दोन सिझर झालीत. वर्षभर जिम केलं, वजन उतरलं, पण ओटीपोट लोंबतंच. व्यायाम वाढवू का? (वय ३८, सांगली)

व्यायाम सोडू नका, पण सुटलेली कातडी त्याने आवळत नाही. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, डोकं जरा उचला आणि बेंबीच्या वर बोटं दाबून बघा. दोन बोटांहून रुंद खाच लागली, तर बाळंतपणात पोटाचे उभे स्नायू फाकले असावेत. फिजिओथेरपीने काहीजणींना फरक पडतो. टमी टकमध्ये आम्ही हे स्नायू टाक्यांनी जवळ आणतो आणि जादा कातडी काढतो. अजून मूल हवं असेल तर आत्ता नको.

व्रण मात्र कायमचा, या कंबरेपासून त्या कंबरेपर्यंत. फिका होतो, जात नाही. मी ओपीडीतच पेनने पोटावर ती रेघ काढून आरशात दाखवते. ती बघून ज्या बिचकतात, त्यांना मी तारीख देत नाही.

प्रश्न: सिगारेट नाही, पण रोज मिश्री लावते. सांगायला हवं का?

हवंच! मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या ऑपरेशनमध्ये पोटाची कातडी पार बरगड्यांपर्यंत सुटी करून खाली ओढतात, त्यामुळे तिचं रक्त आधीच कमी झालेलं असतं. त्यात मिश्री सुरू असली तर टाक्यांजवळची कातडी काळी पडून मरू शकते. आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे पूर्ण बंद. घरच्यांसमोर बायका हे कबूल करत नाहीत, म्हणून मी एकटीला विचारते.

प्रश्न: यात जीव जातो म्हणतात. खरं?

क्वचित, पण हो. पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तर. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा घरात कुणाला गुठळी झाली असेल, तर आधी सांगा. ऑपरेशननंतर लवकरात लवकर, कंबरेत वाकून का होईना, चालायचं. ‘पडून राहा, आराम कर’ हा नातेवाइकांचा सल्ला इथे घातक. एकच पोटरी सुजली किंवा एकदम धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका.

प्रश्न: एका ब्युटी क्लिनिकमध्ये निम्म्या खर्चात होतंय. करू?

डॉक्टर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहेत का, भूल कोण देणार आणि रात्री काही झालं तर आयसीयू कुठे, हे तीन प्रश्न विचारा. एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं, तर ॲडव्हान्स भरू नका.