स्मरणशक्ती शाबूत, तरीही अल्झायमर?

प्रश्न : पत्नी ५८ वर्षांची, नुकतीच शाळेतून निवृत्त झाली. दोन वर्षांत तीनदा चष्मा बदलला. समोरचा पेला तिला सापडत नाही, वाचताना ओळ सुटते, जिना उतरताना पाय चुकतो. नेत्रतज्ज्ञ म्हणतात डोळे चांगले आहेत, न्यूरॉलॉजिस्टांनी अल्झायमर सांगितला. पण घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस तिला पाठ आहेत! निदान चुकलं असेल का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : बहुधा नाही. ही लक्षणं अल्झायमरच्याच एका प्रकाराशी जुळतात. त्याला पोस्टेरिअर कॉर्टिकल ॲट्रॉफी, थोडक्यात पीसीए म्हणतात. फ्रँक बेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो बहुतेकदा पन्नाशी-साठीत सुरू होतो. डोळा चित्र नीट टिपतो, पण मेंदूच्या मागच्या भागात त्याची जुळणी होत नाही. म्हणून चष्मे बदलण्यातच अनेकांची वर्षं जातात, याचं फार वाईट वाटतं.

अमायलॉइड हे प्रथिन सगळ्या प्रकारांत मेंदूभर पसरलेलं असतं. प्रकार ठरतो तो टाऊ या दुसऱ्या प्रथिनावरून. ते एकमेकांना जोडलेल्या पेशींच्या वाटेनं पसरतं आणि जिथं साठतं तिथलं जाळं विसविशीत होतं. नेहमीच्या प्रकारात हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी तयार करणारा मेंदूचा भाग) आणि त्याच्याशी जोडलेलं 'डिफॉल्ट मोड' जाळं (निवांत बसून काही आठवताना काम करणारं) आधी बिघडतं, म्हणून विसराळूपणा येतो. डाव्या कानामागच्या भाषेच्या भागात बिघाड झाला, तर बोलताना शब्द सापडत नाहीत आणि लांब वाक्य परत म्हणता येत नाही. पीसीएमध्ये दृष्टी आणि जागेचं भान सांभाळणारं जाळं आधी जातं. आपल्या नागपूर मेट्रोत लोकमान्य नगरच्या बाजूला बिघाड झाला तरी खापरीची गाडी धावू शकते, तसंच हे. मात्र सीताबर्डीसारख्या, सगळे मार्ग मिळतात त्या जागाही या आजारात पुढे सापडतात. स्मरणशक्तीवर परिणाम होतो तो तेव्हा.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये अनेकदा हिप्पोकॅम्पसचाच उल्लेख असतो, आणि पीसीएमध्ये तो नॉर्मल असू शकतो. म्हणून रेडिऑलॉजिस्टना मेंदूचा मागचा भाग पाहून कोएडम स्केलवर (तो भाग किती आकसलाय ते मोजणारी पट्टी, ० ते ३) गुण द्यायला सांगा. नसलेली माणसं किंवा प्राणी दिसणं, अंग ताठरणं, एकच हात नीट न चालणं, यातलं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून सांगा. अशी लक्षणं लेवी बॉडी डिमेन्शियासारख्या मेंदूच्या दुसऱ्या आजारातही येतात आणि मग औषधांची निवड बदलते.

घरात सगळ्यात जास्त उपयोग होतो तो रंगांच्या फरकाचा. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात तिला दिसणार नाही, गडद ताटलीत दिसेल. टेबलावर साधं, एकरंगी कापड घाला आणि पेला लाल किंवा निळा ठेवा. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या काठावर पिवळी पट्टी चिकटवा. नक्षीदार सतरंजी उचलून ठेवा, त्यातली काळी नक्षी खड्ड्यासारखी भासते. 'तिथं ठेवलंय' म्हणू नका, तिचा हात धरून वस्तूवर ठेवा. वाचायला पुठ्ठ्यात एकाच ओळीची खिडकी कापून द्या. स्कूटर मात्र आजच थांबवा. व्हरायटी चौकातली गर्दी तिच्या मेंदूला एकाच वेळी पेलणार नाही.

डोनेपेझिल ही अल्झायमरची गोळी सहसा ५ मिलिग्रॅमपासून देतात, चार ते सहा आठवड्यांनी १०. नाडी मंदावू शकते, म्हणून आधी ईसीजी काढून घ्या. मळमळ झाली किंवा रात्री भयंकर स्वप्नं पडली, तर गोळी परस्पर बंद न करता सकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे, विसरायला लागलेत. मेंदूच्या जाळ्याचा फंक्शनल एमआरआय केला तर प्रकार कळेल का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : त्यावर पैसे घालवू नका. मेंदूचे कोणते भाग एकत्र काम करतात हे त्या तपासणीत दिसतं, पण जाळ्यांचे ते नकाशे अनेक रुग्णांच्या सरासरीतून काढलेले असतात. एका माणसात डुलकी, हालचाल किंवा औषधानंही चित्र बदलतं. आधी बी-१२, थायरॉइड आणि सोडियम तपासा, साधा एमआरआय करा. लघवीच्या, झोपेच्या आणि सर्दी-खोकल्याच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवा, कारण त्यातल्या काही गोळ्यांनीच स्मरणशक्ती मंदावते. एवढ्यानंही उलगडा झाला नाही, तर एफडीजी पेट स्कॅनचं विचारा. मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतोय हे त्यात दिसतं, आणि त्यावरून प्रकार ओळखायला मदत होते.