पिनबॉल एवढा जुना खेळ आहे, तरी लोक अजून त्याच्यामागे वेडे का आहेत? त्याचा इतिहास काय?

आपल्याकडे बहुतेकांचा पिनबॉल म्हणजे विंडोज एक्सपीवरचा स्पेस कॅडेट, ऑफिसात साहेब नसताना खेळायचा तो. पण खरी गंमत मशीनमध्ये आहे.

मूळ फ्रान्समधलं बॅगाटेल, म्हणजे उतरत्या पाटावर खिळे ठोकलेले आणि त्यातून गोटी भोकात पाडायची. १८७१ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने त्यात सुधारणा करून पेटंट घेतलं, स्प्रिंगचा दांडा ओढून गोटी सोडायची पद्धत तिथून रुळली. मग १९३१ ला, ऐन मंदीत, गॉटलीब कंपनीचं बॅफल बॉल हे मशीन आलं. एका सेंटमध्ये मूठभर गोट्या मिळायच्या, हाताला काम नसलेल्या माणसाला याहून स्वस्त टाइमपास कुठला, त्यामुळे तुफान चाललं.

आता ऐका, तेव्हा फ्लिपर, म्हणजे बटण दाबून बॉल परत वर मारायचे छोटे दांडे, नव्हतेच! बॉल सोडला की बघत बसायचं, फार तर मशीनला धक्के द्यायचे, आणि लोक इतके धक्के द्यायला लागले की मशीन बनवणाऱ्या हॅरी विल्यम्सला टिल्ट, म्हणजे जास्त हलवलं की खेळ बंद पाडणारी सोय, काढावं लागलं. सगळा खेळ नशिबावरच, म्हणून बऱ्याच शहरांनी त्याला सरळ जुगार ठरवलं, काही मशीनमधून पैसे सुटायचेही म्हणा. न्यूयॉर्कमध्ये १९४२ ला महापौर ला गार्डियाने बंदी घातली आणि स्वतः हातोडा घेऊन मशीन फोडतानाचे फोटो काढून घेतले (पुढारी सगळीकडे सारखेच).

फ्लिपर आले १९४७ ला, गॉटलीबच्या हम्प्टी डम्प्टीवर, एकदम सहा. तिथून बॉल वाचवणं खेळणाऱ्याच्या हातात आलं, तरी न्यूयॉर्कची बंदी उठायला १९७६ उजाडलं. रॉजर शार्प नावाच्या पत्रकाराने नगर परिषदेसमोर मशीन खेळून दाखवलं, आधी सांगितलं की आता बॉल मधल्या लेनमधून जाणार आणि तो गेला! नंतर त्यानेच कबूल केलं की तो शॉट बराचसा नशिबाचा होता.

माझ्या मते वेड लागतं ते यामुळेच, नशीब किती आणि हात किती हे कधीच नीट ठरत नाही. साधारण ८० ग्रॅमचा स्टीलचा बॉल खरोखरचा घरंगळत येतो, दोनदा सेम कधीच येत नाही. शिवाय मशीनला हलकासा धक्का देणं चालतं, ती चीटिंग नाही, उलट चांगले खेळाडू त्यावरच जगतात. फक्त आत एका धातूच्या कड्यात लोंबता लोलक असतो, तो कड्याला टेकला की टिल्ट, फ्लिपर मेले, बॉल गेला. म्हणजे किती हलवायचं याचा अंदाज हातालाच यावा लागतो, आणि हे स्क्रीनवर कितीही केलं तरी येत नाही.

धंदा मधे जवळजवळ संपला होता. १९९२ च्या ॲडम्स फॅमिली नावाच्या पिनबॉलची २० हजारांवर मशीन खपली आणि सात वर्षांत, १९९९ ला, ती बनवणाऱ्या विल्यम्स कंपनीने पिनबॉलच बंद केलं. पुढे कित्येक वर्षं मोठी म्हणावी अशी एकटी स्टर्न कंपनी उरली, आता परत नवीन कंपन्या आल्यात.

कधी खरं मशीन मिळालं तर दोन्ही फ्लिपर एकदम बडवू नका, सगळे नवखे तेच करतात. एक फ्लिपर वर धरून बॉल त्यावर थांबवा, नेम बघा आणि मग मारा.