अतिप्रवाहात रोध कुठून आला?

प्रश्न : दोन थरांच्या क्वांटम हॉल प्रणालीत (तीव्र चुंबकीय क्षेत्रातल्या अतिथंड, पातळ इलेक्ट्रॉन-थरांत) इलेक्ट्रॉन-होलच्या जोड्या अतिप्रवाही होतात, म्हणजे रोधाशिवाय वाहतात, असं वर्गात शिकवलं. मग प्रयोगात थोडा रोध उरतोच, तो का? सर ‘भोवऱ्यांमुळे’ म्हणाले आणि पुढच्या स्लाइडवर गेले.
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : सर बरोबर बोलले, फक्त स्लाइड घाईत पालटली.

आधी नमुना बघा. गॅलियम आर्सेनाइडचे सुमारे 18 नॅनोमीटर जाडीचे दोन थर, मध्ये 10 नॅनोमीटरची भिंत. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत जिम आयझेनस्टाइन यांच्या गटाने असेच नमुने वापरले. तापमान केल्विनच्या काही शतांशांवर. दोन्ही थर मिळून एक लँडाऊ पातळी (चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनना मिळणारी ठरावीक ऊर्जेची पातळी) भरेल इतकं चुंबकीय क्षेत्र लावलं, की एका थरातला इलेक्ट्रॉन समोरच्या थरातल्या रिकाम्या जागेशी, म्हणजे होलशी, जोडी जमवतो. दोन थरांत उलट दिशांनी प्रवाह सोडला तर या जोड्याच वाहतात. जोडीवर एकूण प्रभार नाही, म्हणून हॉल व्होल्टेज (चुंबकीय क्षेत्रामुळे प्रवाहाला आडवं तयार होणारं) जवळजवळ नाहीसं होतं. 2004 मध्ये कॅलटेक आणि प्रिन्स्टन, दोन्हीकडे हे दिसलं. प्रवाहाच्या दिशेतला रोध मात्र चिवट निघाला.

आता मुद्द्याचं. अतिप्रवाह म्हणजे नमुन्याच्या लांबीवर फेजला (सगळ्या जोड्यांच्या सामाईक तरंगाच्या कलेला) बसलेला पीळ. भोवरा म्हणजे असा बिंदू, की त्याच्याभोवती एक फेरी मारली तर फेज एक अख्खा वेढा फिरते. प्रवाह भोवऱ्याला आडवा ढकलतो, आणि एक भोवरा या काठापासून त्या काठाला गेला की एक अख्खा वेढा सुटतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ शाबूत आणि पीळच जातो! प्रवाह टिकवायचा तर पीळ पुन्हा भरावा लागतो, आणि त्यासाठी व्होल्टेज मोजावं लागतं. थरांमधल्या व्होल्टेजमध्ये दोन टोकांना 1 मायक्रोव्होल्टचा फरक दिसला, तर सेकंदाला सुमारे 24 कोटी भोवरे आडवे गेले असं समजा. प्लांकचा स्थिरांक इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने भागून स्वतः पडताळा.

पण भोवरे सुटे राहतातच कसे? थंडीत भोवरा आणि उलटा भोवरा एकमेकांना धरून बसायला हवेत. खरी गोम इथे आहे : या भोवऱ्यांवर अर्ध्या इलेक्ट्रॉनइतका प्रभार असतो. थरांना इलेक्ट्रॉन पुरवण्यासाठी दूर पेरलेल्या सिलिकॉन अणूंचं वेडंवाकडं विद्युत क्षेत्र त्यांना इकडेतिकडे ओढतं आणि जोड्या फोडतं. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ह्यूस यांनी 2005 मध्ये रोधाचं मूळ या सुट्या भोवऱ्यांच्या हालचालीत असावं, असं स्पष्टीकरण मांडलं. उष्णतेच्या धक्क्याने ते एका खळग्यातून दुसऱ्यात उड्या मारतात. तापमान उतरलं की उड्या विरळ होतात. म्हणून रोध ठरावीक तापमानाला झटकन शून्य होत नाही, घटत राहतो.