घरकुलांसाठी सल्लागार नेमताना नगरपंचायतीने काय पाहावं, फी कशी ठरवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिक जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीत प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० साठी चारेकशे अर्ज आलेत, कार्यालयात अभियंता एकच, म्हणून सल्लागार संस्था नेमायचा विषय सभेपुढे आला आहे. तिच्याकडून नेमकं काय काम घ्यायचं आणि पैसे कसे द्यायचे?

सल्लागार नेमाच. चारशे घरांचा पाठपुरावा एका अभियंत्याच्या आवाक्यातला नाही. पण बहुतेक पालिका सल्लागाराकडून डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) विकत घेतात, आणि त्यांना खरी गरज असते ती घर उभं राहीपर्यंत मागे लागणाऱ्या माणसांची. निविदेत हे आधीच उलटं बांधलं गेलं, तर नंतर कितीही नोटिसा काढा, उपयोग होत नाही.

तुमचे अर्ज स्वतःच्या जागेवर घर बांधण्याच्या घटकातले (बीएलसी) असणार असं धरून लिहितो. लहान गावात तेच असतात. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळून अडीच लाख. केंद्राचा हिस्सा ४०:४०:२० असा येतो, म्हणजे ६० हजार, ६० हजार आणि ३० हजार. चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) ३० ते ४५ चौरस मीटर. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत, देशात कुठेही पक्कं घर नको आणि गेल्या २० वर्षांत कुठल्याही घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. रमाई किंवा शबरी या राज्याच्या घरकुल योजनांतून आधी घर मिळालेलं कुटुंब इथे बाद होतं. ही पडताळणी अर्जाच्या दिवशीच करायची, मंजुरीनंतर नाही.

आता जागेचे कागद. माझ्या मते सल्लागाराच्या कामाचा निम्मा भार इथेच आहे, आणि निविदेत नेमकी याचीच जेमतेम एक ओळ असते. निफाड, दिंडोरी, कळवण, देवळा, पेठ, सुरगाणा ही गावं ग्रामपंचायतीतून नगरपंचायत झालेली. अशा गावात अर्जदाराच्या हाती बहुतेक वेळा नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीचा) उतारा असतो, प्रॉपर्टी कार्ड नसतं. एक फाईल उघडून बघा. उताऱ्यावर आजोबांचं नाव. आजोबांना तीन मुलगे आणि दोन मुली. अर्ज एका नातसुनेचा, कारण घर बाईच्या नावावर किंवा जोडनावावर हवं. आधारवर तिचं नाव सासरचं, बँकेत माहेरचं. ही फाईल डीपीआरमध्ये बिनबोभाट जाते, मंजूरही होते, आणि बांधकाम परवानगीच्या टेबलावर अडते. मग वारस नोंद, आत्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, नावातल्या बदलाचं शपथपत्र, असं सगळं करता करता सहा महिने जातात. तोवर पालिकेच्या अहवालात ते घर ‘मंजूर, काम सुरू नाही’ या रकान्यात पडून राहतं.

म्हणून संस्थेच्या चमूत भूमी अभिलेख कार्यालयातला एखादा निवृत्त परीरक्षण भूमापक किंवा निवृत्त तलाठी असलाच पाहिजे, अशी अट घाला. नगररचनेची मोठी पदवी असलेल्या तज्ज्ञापेक्षा तुमच्या गावात या माणसाचा उपयोग जास्त. त्याच्याकडून प्रत्येक अर्जाला तीनच शेरे मिळावेत: कागद पुरे, कागद दुरुस्त होण्याजोगे (कोणता, कोणाकडून, किती दिवसांत), आणि जागा मुळातच अडचणीची. तिसऱ्या गटात शासकीय जमिनीवरची घरं येतात. त्यांना अतिक्रमण नियमानुकूल करण्याचा वेगळा रस्ता आहे, तो आधी संपवायचा. भोगवटादार वर्ग दोनच्या (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) जमिनी आणि आदिवासी खातेदारांच्या जमिनीही इथेच. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाताना महसूल संहितेचं कलम ३६ अ आडवं येतं. पेठ-सुरगाणा-कळवण भागात साध्या कागदावर घेतलेली जागा दाखवून अर्ज आला असेल, तर तो यादीत ढकलणं म्हणजे त्या कुटुंबाला खोटी आशा लावणं आहे. गोदावरी, दारणा, कादवा यांच्या काठच्या वस्त्यांत पूररेषेचा नकाशाही याच टप्प्यावर पाहून घ्या.

दुसरी मोठी चूक पैशाच्या हिशेबाची. ३० चौरस मीटर चटई म्हणजे साधारण ३२३ चौरस फूट, भिंती धरून ३९०-४०० फूट बांधकाम. फुटाला १६०० ते १८०० रुपये धरले तरी सव्वासहा ते सव्वासात लाख होतात. ठोकताळ्याने सिमेंट दीडशे-एकशे साठ गोण्या, आरसीसी सांगाडा असेल तर दीड टनाच्या आसपास लोखंड, सात ब्रास वाळू. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू स्वामित्वधनाशिवाय (रॉयल्टी न भरता) मिळते, पण वाहतूक लाभार्थ्याची. म्हणजे अनुदान सोडून पावणेचार ते पावणेपाच लाख घरच्यांनी उभे करायचे. डीपीआरमध्ये याला ‘लाभार्थी हिस्सा’ म्हणून एक आकडा टाकतात आणि विषय संपतो. संस्थेला प्रत्येक कुटुंबाचं एक पान करायला लावा: साठवण किती, बचत गटाचं कर्ज किती, बँकेचं किती, उरलेलं कुठून. ज्या पानावर बेरीज लागत नाही, त्या घराचा आराखडा ३० चौरस मीटरवरच थांबवायचा. लोक हौसेने पाया मोठा घालतात, वरच्या मजल्याचे कॉलम काढतात, आणि सगळी पुंजी जमिनीखाली जाते. घर ४५ चौरस मीटरच्या पुढे गेलं तर अपात्रतेचा प्रश्न वेगळाच.

पायाबद्दल एक सांगायलाच हवं. एकच छापील नकाशा आणि एकच अंदाजपत्रक सगळीकडे चालवायची संस्थांना सवय असते. निफाड-येवल्याकडच्या काळ्या मातीत आणि पेठ-सुरगाण्याच्या मुरमात एकच फुटिंग कसं चालेल? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन वर्षांत भिंतीला तिरकी चीर पडते. प्रत्येक वस्तीत एक चाचणी खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो ते लिहून घ्या, त्यावर पायाचे दोन-तीन प्रकार ठरवा. जोतं रस्त्याच्या माथ्यापासून किमान ४५ सेंटीमीटर वर ठेवा. रस्ता दर काँक्रिटीकरणात वर येतो, घर तिथेच राहतं.

जुनं घर पाडण्याची घाई कुणाला करू देऊ नका. मंजुरी आणि बांधकाम परवानगी हातात येण्याआधी काम सुरू केलेलं घर अनुदानातून सुटू शकतं. पहिल्या जिओटॅगच्या (जागेची नोंद आपोआप होणाऱ्या) फोटोत जुनं कच्चं घर किंवा बखळ जागा आणि समोर लाभार्थी दिसायला हवा. त्यानंतरचे फोटो जोतं, लिंटेल, स्लॅब, पूर्ण घर असे. पालिकेच्या अभियंत्याने दहातला एक तरी फोटो जागेवर जाऊन ताडावा. मागचा विजेचा खांब, शेजारच्या भिंतीचा रंग हे सगळ्या फोटोंत जुळतं का बघा. शेजाऱ्याचा स्लॅब दाखवून हप्ता काढणं तिथेच सापडतं.

हप्ता अडकण्याचं सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत जास्त वेळा येणारं कारण म्हणजे खातं. पतसंस्थेचं खातं दिलेलं असतं, विलीन झालेल्या बँकेचा जुना आयएफएससी असतो, किंवा आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं असतं. यादी पाठवण्याआधी प्रत्येकाचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते तपासणं हे संस्थेचं काम म्हणून करारात लिहा.

आता फी. मंजुरीला साठ-सत्तर टक्के देऊन टाकले, की संस्थेला परत गावात यायचं कारण उरत नाही. वर यादी फुगवण्यात तिचा फायदा असतो. माझी विभागणी अशी: कागद तपासून शेरा दिल्यावर १५ टक्के, केंद्राची मंजुरी आल्यावर २०, जोत्याला २०, स्लॅबला २०, आणि पूर्णत्वाचा दाखला व शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्यावर २५. प्रति घर दर, जे घर गळलं त्याचे पुढचे टप्पे नाहीत. यातही एक धोका आहे. शेवटी जास्त पैसे ठेवले की संस्था ज्यांची घरं तशीही होणार होती त्यांच्याच मागे लागते आणि विधवा, एकट्या बायका, अपंग, वृद्ध मागे पडतात. म्हणून अशा घरांची यादी सुरुवातीलाच सभेत वेगळी काढा आणि त्यांच्या शेवटच्या टप्प्याला दर वाढवून द्या. तिथे कष्ट खरोखर जास्त आहेत, त्याचे पैसे मोजायला हरकत नसावी.

निविदा निव्वळ कमी दरावर काढू नका. गुणवत्ता ७०, दर ३० असं भारांकन ठेवा. उलाढालीची अट इतकी उंच नको की नाशिकमधला चांगला लहान वास्तुविशारद बाहेर राहील आणि लांबची मोठी संस्था नुसती नावापुरती येईल. एकाच अभियंत्याचं नाव पाच गावांच्या निविदांत दिसतं, म्हणून नावानिशी नेमणूक आणि पालिकेत हजेरी मागा. चारशे घरांना माझ्या अंदाजाने तीन स्थापत्य अभियंते, दोन सर्वेक्षक-समाजकार्यकर्ते (त्यातली एक तरी बाई, गावातल्या बचत गटांना ओळखणारी), एक संगणक चालक आणि तो निवृत्त भूमापक, एवढे लागतात. दर मागताना जीएसटीचंही बघा. पालिकेच्या घटनादत्त कामासाठीच्या निव्वळ सेवेला करमाफी आहे, तरी १८ टक्के सवयीने लावले जातात. लेखापरीक्षकाचं लेखी मत घेऊन मगच बिल काढा.

योजनेच्या पोर्टलचं लॉगिन आणि ओटीपीचा मोबाईल पालिकेचाच असावा. संस्थेच्या मुलाच्या फोनवर ठेवला आणि तो नोकरी सोडून गेला, की काम तिथेच ठप्प. अर्ज भरायला, फोटो काढायला, फाईल पुढे सरकवायला कुणालाही एक पैसा द्यायचा नाही, असा फलक मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने कार्यालयात आणि प्रत्येक वस्तीत लावा, त्यावर तक्रारीचा नंबर द्या. हा खर्च काही शे रुपयांचा आहे आणि गरिबाचे हजारो वाचवतो.

वेळापत्रक इथल्या हंगामाप्रमाणे बसवा. ऑक्टोबर छाटणीत आणि एप्रिल छाटणीत पेठ-सुरगाण्याची माणसं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत असतात. सकाळी अकराला सर्वेक्षक दारात गेला तर कुलूप दिसणार आणि ‘लाभार्थी अनुपलब्ध’ असा शेरा पडणार. सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीला जा. इगतपुरी-त्र्यंबक-पेठच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर स्लॅब पडत नाही, म्हणून जोतं फेब्रुवारीपर्यंत आणि स्लॅब मेअखेर असा हिशेब ठेवा. आणि २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं जवळ येतील तसे गवंडी, सेंटरिंगवाले आणि खडीच्या गाड्या नाशिक-त्र्यंबकेश्वरकडे ओढल्या जाणार. वीस-पंचवीस घरांचे गट करून गवंड्यांशी एकत्र दर आताच ठरवून घ्या, सुट्या लाभार्थ्याला त्या गर्दीत गवंडी मिळणं अवघड जाईल.