सासऱ्यांची 1994 ची प्रीमियर पद्मिनी गाडी दुरुस्त करून रोज वापरावी, की ते भंगार विकून नवी वॅगनआर घ्यावी?

मायलेज, एसी, पिकअप यात नवी गाडीच पुढे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. 1964 पासून कुर्ल्यात फियाट 1100 डी म्हणून बनलेली आणि पेट्रोलमध्ये शेवटपर्यंत तेच 1089 सीसीचं इंजिन घेऊन चाललेली गाडी त्या हिशोबात कुठे टिकणार? पण प्रश्नातला ‘भंगार’ हा शब्द मला लागला, म्हणून लिहितोय.

माझे वडील, म्हणजे आमचे दादा, काळी-पिवळी पद्मिनी चालवायचे. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, दादा भाडं घेऊन सायनकडे निघाले होते. गांधी मार्केटजवळ पाणी बंपरच्या वर चढलं आणि गाडी बंद पडली. मागे एक बाई आणि तिचं लहान लेकरू. आसपासच्या पोरांनी हात लावला, गाडी ढकलत उंचावर नेली. मायलेकरांना दादांनी एका बिल्डिंगच्या जिन्यावर, कोरड्या जागी पोहोचवलं आणि स्वतः रात्रभर गाडीत बसून राहिले. उजाडल्यावर बॉनेट उघडलं. गेजकाठी काढून ऑइलमध्ये पाणी नाही ना ते बघितलं, डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग, त्याची कॅप काढून अंगातल्या बनियनने पुसली, त्याच्या आतल्या सीबी पॉईंटवर, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, पॉलिश पेपर फिरवला, चारही प्लग सुकवले. बॅटरी उतरली होती, म्हणून धक्का मारून सुरू केली. दुपारी गाडी चाळीच्या दारात उभी होती.

आमच्या भाऊजींची तेव्हाची नवी, इंजेक्शनवाली गाडी त्याच पावसात पार्किंगमध्ये बुडाली. वायरिंग आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला, गाडी टो करून न्यावी लागली आणि कित्येक आठवडे वर्कशॉपमध्ये पडून राहिली. तरी भाऊजी आजही म्हणतात, दादांना त्या डब्याची नुसती माया होती. माया कसली! टॅक्सी उभी राहिली की त्या दिवसाची चूल अडते. पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आपल्या हाताने रस्त्यावर उघडता येणारी गाडी, हीच दादांची रोजीरोटी होती. नव्या गाडीत डिस्ट्रिब्युटरच नसतो. बिघाड शोधायला स्कॅनर लावावा लागतो, आणि तो ड्रायव्हरकडे नसतो.

तेव्हा जवळपास कार्बोरेटर (इंजिनला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग) सेट करणारा जुना मिस्त्री असेल आणि खालचा पत्रा सडला नसेल, तर पद्मिनी ठेवा. इंजिनचं काम होतं. फ्लोअर आणि जॅक लावायची जागा गंजली असेल तर मात्र खर्चाला अंत नाही. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलाय का, तेही बघा.

एक राहिलं. रोज मुलांना शाळेत सोडायचं असेल किंवा हायवेने जायचं असेल, तर वॅगनआरच घ्या. पद्मिनीला एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही. 1 जुलै 2019 पासून नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती उगाच नाही. ‘जुना पत्रा जाड, म्हणून सेफ’ हे चूक आहे: पत्रा दबला नाही की धक्का आतल्या माणसाला बसतो. हे मी भाऊजींनाही मान्य केलंय.

विकायचंच ठरलं तर निदान वजनावर देऊ नका. हँड गिअरची, म्हणजे स्टिअरिंगजवळच्या दांड्याने गिअर टाकायची, चालू पद्मिनी जपायला घेणारे लोक आजही आहेत.