गोव्यात ड्रंक ड्रायव्हिंगची केस, घर मुंबईत

घाबरू नकोस, पण 'गोव्यातलं गोव्यात राहील' या भ्रमातही राहू नकोस. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. कलम १८५ इथेही तेच, तिथेही तेच: १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की गुन्हा. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलास तर २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

हे हेल्मेटच्या चलनासारखं जागेवर भरून मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. कोणी 'इथेच मिटवू' म्हणालं तर ऐकू नकोस.

लायसन्स जप्त झालं असेल तर पावती जपून ठेव. ते निलंबनासाठी आरटीओकडे जातं. श्वासातली दारू तपासणाऱ्या मशीनची स्लिप मिळाली असेल तर तीही सांभाळ, वकील पहिल्यांदा तेच मागेल. वकील मात्र तिथलाच कर. प्रकरण म्हापशाच्या कोर्टात असेल तर दादरचा ओळखीचा वकील प्रत्येक तारखेला कोकणकन्येने थिवीला उतरणार आहे का? आणि तारीख चुकवू नकोस, वॉरंट निघतं. मग पोलीस घरी आले की आईला काय सांगशील?